फांदी आधी, फूल नंतर

गुच्छ बांधताना आपण फुलं मोजतो. इकेबाना, म्हणजे जपानी पुष्परचना, करायला बसलेला माणूस एकच फांदी हातात घेऊन बराच वेळ फिरवत राहतो. उन्हाकडची बाजू कोणती, ती वळली कुठे, कोणतं पान तिची रेषा झाकतंय? मग कात्री चालते आणि अर्धीअधिक पानं खाली पडतात. या कलेतली खरी कसोटी त्या छाटणीची आहे, असं मला वाटतं.

हे सगळं सुरू झालं बुद्धापुढे फुलं वाहण्यातून. क्योतोच्या रोक्काकुदो मंदिरात इकेनोबो घराण्याचे पुजारी होते. त्यांच्यापैकी सेन्केईने मांडलेल्या फुलांची वाखाणणी १४६२ सालच्या एका नोंदीत सापडते. पुढच्या शतकात सेन्नोने या कलेची तत्त्वं लिहून काढली आणि वठलेल्या फांदीलाही मानाची जागा दिली. हे मला फार मोलाचं वाटतं. शेवाळ धरलेली डहाळी, कडेने करपलेलं पान यांतूनच तर ऋतू कळतो!

उथळ तबकातली मांडणी त्या मानाने अलीकडची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओहारा उन्शिनने ती रूढ केली आणि जपानात नव्याने आलेल्या परदेशी फुलांनाही तीत जागा मिळाली. १९२७ साली सोफू तेशिगाहाराने सोगेत्सु घराणं काढलं. कोणीही, कुठेही, हाताशी असेल त्या साहित्याने इकेबाना करावी, असा त्याचा आग्रह.

तरी सोगेत्सुचा पहिला धडा मोजमापाचाच असतो. तबकाचा व्यास आणि उंची यांच्या बेरजेच्या दीडपट लांबीची मुख्य फांदी, तिचं नाव शिन. तिच्या पाऊणपट सोए आणि सोएच्या पाऊणपट हिकाए. तबक ३० सेंटिमीटर रुंद आणि ६ सेंटिमीटर उंच असेल, तर शिन ५४, सोए साधारण ४० आणि हिकाए ३० सेंटिमीटरची. उभ्या मांडणीत शिन सरळ रेषेपासून जेमतेम १५ अंश कलते, सोए ४५ आणि हिकाए ७५ अंश. तिघी तीन दिशांना झुकतात. त्यांच्यामधली मोकळी जागा भरून टाकायचा मोह आवरावा लागतो.

देठ पाण्याखाली धरून कापायचे. हवेत कापले तर देठातल्या नलिकांमध्ये हवा शिरते, पाणी वर चढत नाही. फांद्या रोवायला केन्झान लागतं: जड बैठक आणि तिच्यावर पितळी टोकदार सुया. जाड फांदीचं टोक तिरकं कापून चिरलं की ती सुयांवर नीट बसते. जुन्या मोठ्या मांडण्यांत भाताच्या पेंढ्याच्या जुड्या भांड्यात ठासून त्यांत फांद्या खोचत. फुलवाल्याकडचा हिरवा स्पंज मात्र टाळावा. ते प्लास्टिकच, त्याचा चुरा पाण्यात जातो आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो. केन्झान एकदा घेतलं की पुन्हापुन्हा वापरता येतं.

आपल्याकडे हे करून पाहायला हिवाळा चांगला. चाफ्याची पानं झडलेली असतात, फांदीचे पेर आणि वळणं उघडी पडतात. शिन म्हणून ती घ्यावी. कापल्यावर येणारा चीक पुसावा आणि केन्झान जड असल्याची खात्री करावी, कारण ही फांदी वजनदार असते. पायथ्याशी शेवंतीची दोन-तीन फुलं, वेगवेगळ्या उंचीची. केन्झान बुडेल इतकं पाणी रोज बदलावं. शेवंती मलूल झाली की तेवढीच बदलायची, चाफा तसाच राहू द्यावा.