काळ्या खड्याची साक्ष

गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीला आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या हिरापूरला मोठमोठ्या शिळा रचून केलेल्या पेट्या आणि खोल्या आहेत. नागपूरकडे गेलात, तर दगडांची वर्तुळं दिसतात. कुणी म्हणतं पांडवांनी मांडली, कुणी म्हणतं राक्षसांनी. खोदून पाहणाऱ्यांचं उत्तर वेगळं आहे. ही वर्तुळं म्हणजे लोखंड वापरणाऱ्या, घोडे बाळगणाऱ्या माणसांची थडगी. काळ इसवी सनापूर्वीचं पहिलं सहस्रक.

थडगी सांगतात माणसं मेली कशी पुरली. ती जगली कशी, हे सांगतो त्यांचा कचरा. नागपूर जिल्ह्यातल्या नैकुंडला शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी 1978 ते 1980 मध्ये उत्खनन केलं. तिथं लोखंड गाळायची भट्टी निघाली : बाकदार मातीच्या विटा, भात्याच्या मातीच्या नळ्या आणि लोहकीट. कीट म्हणजे खनिजातून लोखंड काढल्यावर उरणारा काळा, जड खडा.

या खड्याची किंमत सांगायला मी नेहमी दूरचं उदाहरण देतो. कोलंबसाच्या आधी नॉर्स दर्यावर्दी अमेरिकेत पोचले, असं आइसलंडच्या जुन्या कथा सांगत. पुरावा नव्हता. 1960 मध्ये हेल्गे इंगस्टाड यांना कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर, लान्स ओ मेडोज इथं, गवताखाली दबलेल्या घरांच्या खुणा दिसल्या. त्यांच्या पत्नी ॲन स्टीन यांनी उत्खनन केलं. चातीची दगडी चकती, लोखंडी खिळे आणि कीट सापडलं. तिथले मूळ रहिवासी लोखंड गाळत नसत. म्हणून कीट म्हणजे पाहुण्यांचीच खूण. तिथं लोखंडी हत्याराने तोडलेल्या लाकडाचं सालही 2021 मध्ये जाहीर झालं : इसवी सन 1021.

आपल्याकडे काम इतकं सोपं नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत लोहाऱ्यापासून सुरजागडपर्यंत लोहखनिज आहे आणि एकोणिसाव्या शतकातही इथं गावठी भट्ट्या पेटत होत्या. नुसत्या किटावरून काळ ठरत नाही. त्याच थरात काळी-तांबडी खापरं आहेत का, कोळसा आहे का, शेजारी शिळा आहेत का, हे सगळं एकत्र पाहावं लागतं.

म्हणून विनंती एवढीच. मुरूम काढताना, बांध घालताना असा खडा किंवा रचलेल्या शिळा दिसल्या, तर हलवू नका. फोटो काढा, जागा लिहून ठेवा, पुरातत्त्व खात्याला कळवा. जागेवरून उचललेला खडा नुसता खडा असतो. जागेवर असलेला साक्षीदार.