वेग थोडा कमी, वीज निम्मी

सूर्या नदीवर मासवण इथं मोठमोठे पंप पाणी उपसतात. धामणी धरणातून नदीत सुटलेलं हे पाणी पुढे धुकटणच्या जलशुद्धीकरण केंद्रात जातं आणि तिथून वसई-विरारकडे. अशा पंपांचा अभ्यास करणाऱ्या अभियंत्यांना एक नियम पाठ असतो: पाइपातलं घर्षण एवढाच अडथळा असेल, तर पंपाला लागणारी शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे वेग निम्मा केला की पाणी निम्मं मिळतं, पण शक्ती एक-अष्टमांशच लागते. गावातल्या सेवा केंद्रात दाखले छापणाऱ्या डेस्कटॉप संगणकातही जवळजवळ हाच घनाचा नियम लागू होतो.

प्रोसेसरच्या चिपवर अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. ते चालू-बंद होताना अत्यंत सूक्ष्म विद्युतभार साठवला आणि सोडला जातो. या एका फेरीला लागणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सेकंदाला अशा किती फेऱ्या होतात, हे घड्याळाचा वेग म्हणजे गीगाहर्ट्झचा आकडा ठरवतो. म्हणून शक्तीचं गणित व्होल्टेजचा वर्ग गुणिले वेग असं मांडतात. वेग कमी असेल तर ट्रान्झिस्टरला घाई नसते आणि त्याचं कमी व्होल्टेजवरही भागतं. वेग २० टक्के उतरवला आणि व्होल्टेजही २० टक्के उतरवलं, तर ०.८ चा घन, म्हणजे सुमारे ०.५१ एवढीच शक्ती लागते. काम संपायला सव्वापट वेळ लागेल हे खरं, पण त्या कामाची एकूण ऊर्जा ६४ टक्क्यांवर येते.

व्होल्टेज तेवढंच ठेवून नुसता वेग उतरवला तर काय होईल? शक्ती ८० टक्के होईल, वेळ १२५ टक्के लागेल आणि दोन्हींचा गुणाकार पुन्हा १०० येईल. प्रोसेसर थंड राहील, पंख्याचा आवाज कमी होईल, पण त्या कामापुरती वीज काहीच वाचणार नाही. खरी बचत व्होल्टेज उतरवण्यात आहे. वेग कमी केल्यामुळे ते उतरवणं शक्य होतं, एवढंच.

ही कल्पना १९९४ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातल्या मार्क वायझर आणि सहकाऱ्यांनी एका शोधनिबंधात मांडली. २००० च्या सुमारास इंटेलच्या ‘स्पीडस्टेप’ आणि एएमडीच्या ‘पॉवरनाऊ’मुळे ती लॅपटॉपमध्ये आली, कारण तिथं बॅटरीचा प्रश्न होता. डेस्कटॉपला ती गरज उष्णतेमुळे पडली. ट्रान्झिस्टर लहान होत जातील तसं त्यांचं व्होल्टेजही उतरत जाईल, असं आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं होतं. ही सवलत २००५ च्या आसपास संपली. त्याआधीच, २००४ मध्ये, इंटेलला ४ गीगाहर्ट्झचा पेंटियम ४ बाजारात आणण्याचा बेत सोडून द्यावा लागला. एएमडीने २००३ मध्ये अॅथलॉन ६४ सोबत ‘कूल अँड क्वाएट’ डेस्कटॉपवर आणलं, तर लिनक्समध्ये २००४ साली वेंकटेश पल्लीपाडी आणि सहकाऱ्यांचा ‘ऑनडिमांड’ हा नियंत्रक दाखल झाला. कामाचा ताण वाढला की तो वेग चढवतो आणि ओसरला की उतरवतो. २०१५ पासून इंटेलच्या स्कायलेक पिढीत हा निर्णय बराचसा प्रोसेसर स्वतःच घेऊ लागला.

मग वेग कायम तळाशीच का ठेवू नये? याचं उत्तरही पंपापाशी सापडतं. पाणी वर चढवायचं असेल तर ठरावीक वेगाखाली ते चढतच नाही, मोटर मात्र वीज खात राहते. प्रोसेसरलाही असा तळ आहे. व्होल्टेज एका मर्यादेखाली गेलं की ट्रान्झिस्टर भरवशाने चालत नाहीत. शिवाय जागा असलेल्या ट्रान्झिस्टरमधून काम नसतानाही थोडा प्रवाह गळत राहतो. काम रेंगाळलं की ही गळती तितका जास्त वेळ चालते. मदरबोर्ड, मेमरी आणि मॉनिटरही तेवढा वेळ वीज घेतात. त्यामुळे आजच्या चिपला पुष्कळदा काम चटकन उरकून गाढ झोपणं स्वस्त पडतं. दोन कळा दाबण्यामधल्या क्षणातही तिचे रिकामे गाभे झोपतात; काहींचा वीजपुरवठाच तोडला जातो.

म्हणूनच विंडोजमधली ‘बॅलन्स्ड’ ही मांडणी बहुतेक कार्यालयांसाठी योग्य आहे. ‘हाय परफॉर्मन्स’ लावल्याने टायपिंग किंवा हिशेबाचं काम वेगवान होत नाही. याला अपवाद आहेत. कारखान्यात यंत्रावर क्षणाक्षणाला नियंत्रण ठेवणाऱ्या संगणकाला झोपेतून उठायला लागणारे काही मायक्रोसेकंदही अडचणीचे ठरू शकतात. तिथं अभियंते जाणीवपूर्वक वेग स्थिर ठेवतात आणि ते बरोबरच आहे.

मोठी उधळपट्टी मात्र प्रोसेसरच्या बाहेर होते. समजा, एक डेस्कटॉप नुसता चालू राहून ५० वॉट घेतो. आठ तासांच्या कामानंतर तो उरलेले सोळा तास तसाच ठेवला, तर रोज ०.८ युनिट आणि वर्षाला सुमारे २९० युनिट जातात. तोच संगणक स्लीपमध्ये टाकला आणि त्याने ३ वॉट घेतले, तर तेच सोळा तास वर्षाला साडेसतरा युनिटांत भागतात. पडद्यावर फिरणारी चित्रं, म्हणजे स्क्रीनसेव्हर, यात काहीही वाचवत नाहीत.

मासवणपासून फार दूर नसलेल्या तारापूरला १९६९ मध्ये देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. तिथं पुढे उभारलेले ५४० मेगावॉटचे दोन संच एका ठरावीक पातळीवर अखंड चालावेत अशाच रीतीने वापरले जातात. मागणीप्रमाणे क्षणोक्षणी कमी-जास्त होणं हे आपल्याकडच्या अणुभट्ट्यांचं काम नाही. ती लवचीकता टेबलावरच्या चिपमध्ये मात्र भरपूर आहे आणि ती विकत घेतलेल्या यंत्रात आधीच दडलेली असते. पालघरची सरकारी कार्यालयं, बोईसरचे कारखाने आणि गावोगावच्या शाळांनी संगणक बसवतानाच ‘बॅलन्स्ड’ मांडणी, दहा मिनिटांनी पडदा बंद आणि अर्ध्या तासाने स्लीप एवढं ठरवून द्यावं. यासाठी निधी लागत नाही, निविदा लागत नाही. संगणक जोडून देणाऱ्या माणसाला तेवढं आवर्जून सांगायला हवं.