उकळणारा दगड आणि चौथा कोपरा

कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना मागून बँकर इंजिने लागतात आणि पळसदरी मागे पडली की बोरघाटाची चढण सुरू होते. १८५६ ते १८६३ या काळात हा लोहमार्ग घाटात चढवताना काळवथर सुरुंगांनी फोडला गेला. त्याच्या पोटातून दुधी, गुलाबीसर, कधी हिरवट झाक असलेले स्फटिक निघाले आणि त्यांतले कितीतरी नमुने इंग्लंडमधल्या संग्रहांत गेले. खालापूर तालुक्यातून वर चढणारा द्रुतगती महामार्गही याच लाव्हाच्या थरांतून कापलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या झाल्या. पुढे खडकात झिरपणाऱ्या कोमट-गरम पाण्याने विरघळलेली द्रव्ये त्या पोकळ्यांत आणून बसवली. आपल्याकडे असा कुठलाही चमकता खडा ‘गारगोटी’ या एका शब्दात मावतो. खनिजशास्त्रात मात्र त्यांतल्या एका मोठ्या कुळाला ‘झिओलाइट’ म्हणतात. हे नाव आगीने ठेवले आणि क्ष-किरणांनी ते पारखून कायम केले. पारखताना शब्द तोच राहिला, पण त्याच्या खालचा पाया पूर्ण बदलला, असे माझे म्हणणे आहे.

१७५६ साली आक्सेल क्रोन्स्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने एक खनिज फुंकनळीच्या ज्योतीत धरले. ते फसफसून फुगले, जणू दगडच उकळत होता. म्हणून ग्रीक भाषेतले ‘उकळणे’ आणि ‘दगड’ हे दोन शब्द जोडून त्याने ‘झिओलाइट’ शब्द घडवला. त्या काळी दगड ओळखण्याची रीतच ज्योतीची होती आणि बोरघाटातल्या खनिजांची नावे तिची साक्ष देतात. पांढऱ्या सुयांच्या झुबक्यासारखा दिसणारा स्कोलेसाइट तापवला की अळीसारखा वळतो, म्हणून १८१३ मध्ये त्याला ग्रीक ‘अळी’वरून नाव मिळाले. ॲपोफिलाइट तापवला की त्याची पाने सुटतात, म्हणून ओयी या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०६ मध्ये त्याला पानांवरून नाव दिले. तिन्ही नावांत दगड काय करतो एवढेच सांगितले आहे. तो तसे का करतो, हे सांगायचे साधन तेव्हा कोणाकडेच नव्हते.

ते साधन १९१२ मध्ये आले. म्युनिकमध्ये लाउए यांच्या कल्पनेवरून फ्रिडरिश आणि क्निपिंग यांनी क्ष-किरण पहिल्यांदा ज्या स्फटिकातून सोडले, तो होता मोरचूद. बोर्डो मिश्रणासाठी आपल्या बागायतदारांच्या घरी असतो तोच. मोरचुदाचा खडा तव्यावर तापवून पाहावा. पाणी उडून जाते, निळा रंग जातो, स्फटिक भुसभुशीत होतो आणि शेवटी पांढरी पूड उरते. त्याच्या रचनेत पाणी हाच एक खांब असतो, तो काढला की घर कोसळते. झिओलाइटचे तसे नसते. हळूहळू, बेताने तापवल्यास त्यातले पाणी जाते, तरी स्फटिक पारदर्शक आणि धडधाकट राहतो आणि ओलावा मिळताच पाणी परत घेतो. दामूर यांनी हे १८४० मध्येच नोंदवले होते. मात्र त्याचा उलगडा १९३० मध्ये झाला, जेव्हा पॉलिंग यांनी नॅट्रोलाइटची आणि टेलर यांनी ॲनाल्साइमची रचना क्ष-किरणांनी मांडली. सिलिकॉन किंवा ॲल्युमिनियमच्या एका अणूभोवती ऑक्सिजनचे चार अणू, असा एक चतुष्फलक असतो. प्रत्येक चतुष्फलक आपले चारही कोपरे शेजाऱ्यांशी वाटून घेतो, त्यामुळे तिन्ही दिशांना घट्ट सांगाडा उभा राहतो आणि त्यात बोगदे मोकळे राहतात. पाणी त्या बोगद्यांत राहायला आलेले असते. ते निघून गेले तरी घराच्या भिंती शाबूत राहतात.

यावर एक आक्षेप सरळ आहे: दगड खरोखर उकळत नाही, मग चुकीच्या निरीक्षणावर उभे असलेले नाव का जपायचे? माझ्या मते निरीक्षण चुकीचे नव्हते, अपुरे होते. क्रोन्स्टेटने ज्योतीत पाहिलेली फसफस त्या बोगद्यांतून झपाट्याने बाहेर पडणाऱ्या वाफेचीच होती. त्याच्या नमुन्याचा मुख्य घटक मानल्या गेलेल्या स्टिलबाइटची रचना क्ष-किरणांनी १९६६ मध्ये उलगडली, म्हणजे नाव ठेवल्यानंतर २१० वर्षांनी, आणि तिथेही बोगदे आणि पाणीच सापडले.

दुसरा आक्षेप अधिक भारी आहे, आणि तो ॲपोफिलाइटचा. तोही तापवल्यावर पाणी सोडतो, त्याच पोकळ्यांत स्टिलबाइटच्या मांडीला मांडी लावून वाढतो, आणि दीर्घकाळ तो झिओलाइटांतच गणला जाई. ज्योतीची कसोटी पुरेशी असेल तर त्याला बाहेर काढण्याचे कारण नाही. इथेच ज्योतीची मर्यादा उघडी पडते. टेलर आणि नाराय-साबो यांनी १९३१ मध्ये त्याची रचना काढली, तेव्हा दिसले की त्याचा चतुष्फलक तीनच कोपरे वाटतो, चौथा मोकळा राहतो. त्यामुळे सांगाडा होत नाही, नुसते थर होतात, आणि थरांच्या मधे कॅल्शियम, पोटॅशियम व पाणी. थरांना धरून ठेवण्यात त्या पाण्याचाही हात असतो. ते गेले की थर सुटतात, आणि ओयीला दिसलेली पाने ती हीच. बाहेरून सारखी वाटणारी दोन वागणी आतून वेगळ्या कारणांची होती, आणि हा फरक कितीही बारकाईने ज्योतीकडे पाहिले असते तरी कळला नसता.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्रीय संघटनेच्या उपसमितीने १९९७ मध्ये मांडलेल्या व्याख्येत उकळण्याला स्थान नाही. जोडलेल्या चतुष्फलकांचा सांगाडा आणि त्यातल्या मोकळ्या पोकळ्या व बोगदे, यांवर ती उभी आहे. स्फटिकशास्त्रज्ञ आता प्रत्येक सांगाड्याला तीन रोमन अक्षरांचा संकेत देतात. स्टिलबाइटचा एसटीआय, ह्यूलँडाइटचा एचईयू. अळीवरून नाव मिळालेल्या स्कोलेसाइटला स्वतःचा संकेत नाही. त्याचा सांगाडा नॅट्रोलाइटचाच, म्हणून दोघांचा मिळून एनएटी. बोरघाटातल्या एकाच पोकळीत स्टिलबाइटला टेकून हिरवा ॲपोफिलाइट बसलेला असतो. त्याला त्या यादीत संकेत नाही.