बैरुतमधलं पिवळं घर

बैरुतमध्ये दमास्कस रस्त्याच्या कोपऱ्यावर पिवळसर दगडाचं एक जुनं घर आहे. वास्तुविशारद युसूफ आफ्तिमूस यांनी बरकत कुटुंबासाठी त्याची रचना १९२४ मध्ये केली. कोपरा मुद्दाम उघडा ठेवला, खांबांमधून वारा खेळता राहिला. अगदी आतल्या खोलीतूनही रस्ता दिसायचा.

एप्रिल १९७५ मध्ये लेबनॉनमध्ये यादवी पेटली आणि याच मोकळेपणाने घात केला. भाडेकरू जीव घेऊन निघून गेले. ख्रिस्ती सशस्त्र गटांचे नेमबाज आत शिरले. आतल्या अंधारात वाळूच्या पोत्यांआड बसून, दोन-दोन खोल्यांपलीकडून ते रस्त्यावर गोळ्या झाडत. नेमबाज कुणाला दिसत नसे. त्याला मात्र रस्ता ओलांडणारं प्रत्येक माणूस दिसे.

परक्या सैन्याला शहर नकाशावरून शिकावं लागतं. यादवीत मारणाऱ्याला गल्ली आधीच पाठ असते. बैरुतमध्ये ओळखपत्रावर धर्म लिहिलेला असायचा. नाक्यावर ते कार्ड मागितलं जाई आणि तेवढ्यावर जगणं-मरणं ठरे. ६ डिसेंबर १९७५ या एका दिवसात कितीतरी माणसं अशी कार्ड पाहून मारली गेली. कामाला निघालेली साधी माणसं होती ती.

पूर्वेला बहुतांश ख्रिस्ती, पश्चिमेला बहुतांश मुसलमान, अशी शहराची फाळणी झाली. मधल्या पट्ट्यात पूर्वी सगळ्यांचा बाजार भरायचा, बस आणि टॅक्सी तिथूनच सुटायच्या. आता तिथे पाऊल ठेवायला कुणी धजेना. डांबर फोडून गवत उगवलं, झुडपं माजली. लोक त्या सीमेला ‘ग्रीन लाइन’ म्हणू लागले.

पंधरा वर्षांत सुमारे दीड लाख माणसं गेली. जवळपास १७ हजार बेपत्ता झाल्याचं सांगितलं जातं. १९९१ च्या कायद्याने बहुतेक गुन्ह्यांना माफी मिळाली. मुलाचं काय झालं हे विचारणाऱ्या आयांना त्या माफीत उत्तर मिळालं नाही. मला हा त्या युद्धातला सगळ्यात मोठा अन्याय वाटतो.

पिवळं घर पाडायचं ठरलं होतं. वास्तुविशारद मोना हल्लाक यांनी ते वाचवण्यासाठी वर्षानुवर्षं झुंज दिली, अखेर २००३ मध्ये पालिकेने ते ताब्यात घेतलं. तळमजल्यावर पूर्वी एक फोटो स्टुडिओ होता. त्याच्या ढिगाऱ्यात हल्लाक यांना हजारो निगेटिव्ह सापडल्या. नटूनथटून, केस विंचरून कॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसांचे ते चेहरे. ही माणसं कोण होती, याचा शोध त्या घेत राहिल्या.