नामांकित संस्था आणि सातबाऱ्यावरचा बोजा : काही गैरसमज, काही वस्तुस्थिती

उन्हाळा सरता सरता मराठवाड्यातील पदवीधरांच्या घरोघरी एकच खल चालतो : छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात माफक शुल्क भरून एम.ए. वा एम.एस्सी. करावी, की सातबाऱ्यावर बोजा चढवून पुण्या-मुंबईच्या एखाद्या नामांकित खाजगी संस्थेत प्रवेश घ्यावा? या वादात जी विधाने निःशंकपणे केली जातात, त्यांतील काही तपासून घेतली पाहिजेत.

मोठ्या नावाच्या पदवीवाचून निभाव लागत नाही, हा पहिला समज. वस्तुतः प्राध्यापकपदाची वाट ज्या नेट परीक्षेतून जाते, तिला पदव्युत्तर परीक्षेत खुल्या प्रवर्गास 55 आणि राखीव प्रवर्गांस 50 टक्के गुण पुरतात. विद्यापीठ मान्यताप्राप्त असले म्हणजे झाले. मात्र व्यवस्थापनासारख्या विषयांत, जेथे कंपन्या निवडक संस्थांच्याच आवारात उमेदवार निवडावयास येतात, तेथे नावाला रोख किंमत आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून विषय ठरल्याखेरीज नावाचे मोल ठरत नाही.

क्रमवारीत वरचा क्रमांक म्हणजे सर्वस्वी श्रेयस्कर निवड, हा दुसरा समज. केंद्र सरकारने 2016 पासून प्रसिद्ध केलेल्या विद्यापीठांच्या क्रमवारीत अध्यापन व साधनसामग्रीला 30, संशोधनाला 30, विद्यार्थ्यांच्या निष्पत्तीला 20, सर्वसमावेशकतेला 10 आणि लौकिकाला 10 असा भार आहे. पालकाच्या पदरचे किती गेले, हा स्वतंत्र निकष तीत नाही. ती चौकशी ज्याची त्यानेच विभागात जाऊन, मागील तुकड्यांतील विद्यार्थ्यांना गाठून करावयाची असते.

कर्ज काय, नोकरी लागल्यावर फिटेल, हे तिसरे आणि माझ्या मते सर्वांत घातक विधान. हप्ते बहुधा अभ्यासक्रम संपून वर्ष लोटल्यावर सुरू होतात हे खरे. पण व्याज त्या अवधीतही चढतच असते. समजा, 10 लाखांची रक्कम दरसाल 10 टक्क्यांनी आरंभीच उचलली, तर दोन वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची सवलत संपेतो सरळव्याजानेच 3 लाख चढून पहिल्या हप्त्याच्या दिवशी देणे 13 लाखांवर गेलेले असते. अशा देण्याखाली दबलेला तरुण मनाजोगते संशोधन सोडून मिळेल ती नोकरी पत्करतो, आणि ज्या नावासाठी कर्ज काढले त्या नावाचा उपभोग त्याला घेताच येत नाही.

खरे शिक्षण घ्यावयाचे तर बाबासाहेबांप्रमाणे कोणत्याही किमतीवर परदेशी जावे, असेही छत्रपती संभाजीनगरात आदराने सांगितले जाते. या आदरात मीही सहभागी आहे. परंतु त्यांचा जमाखर्च क्वचितच कोणी पाहतो. 1913 साली ते कोलंबियाला गेले ते बडोदे संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार करून. तेथे 1915 मध्ये एम.ए. झाल्यावर ते लंडनला गेले; पण शिष्यवृत्तीची मुदत संपताच 1917 मध्ये तेथील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुढे सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी पैसा साठवला, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपयांचे कर्ज घेतले, आणि 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. 1921 साली एम.एस्सी. आणि 1923 साली डी.एस्सी. या पदव्या त्यांनी तेथेच संपादन केल्या.