पोस्टकार्डावरचे आकाश

आवडलेले पुस्तक मोठा माणूस वाचून मिटतो आणि कपाटात ठेवून देतो. बारा-चौदा वर्षांच्या मुलाला मात्र ते दुसऱ्याला सांगितल्यावाचून राहवत नाही. पुस्तक काखेत मारून तो थेट मित्राचे घर गाठतो, शेवट सांगू की नको या विवंचनेत अर्धा शेवट सांगून टाकतो, आणि मग एकाच प्रतीवर चौघांचा हक्क सुरू होतो. 'वाचनसंस्कृती' हा भारदस्त शब्द आपण व्यासपीठावरून वारंवार उच्चारतो. त्या संस्कृतीचे मूळ अशा चौघांच्या भांडणात असते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

२० मे २०२५ रोजी डॉ. जयंत नारळीकर पुण्यात निवर्तले, तेव्हा या गोष्टीची प्रकर्षाने आठवण झाली. फ्रेड हॉइल यांच्यासमवेत गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडणारा, १९८८ साली पुण्यात 'आयुका' उभारणारा हा शास्त्रज्ञ जगन्मान्य होता. तरीही सामान्य मराठी वाचकाला त्या दिवशी आठवल्या त्या त्यांच्या कथा. पन्नाशी-साठी गाठलेली माणसे शाळकरी वयातील पुस्तकांची नावे एकमेकांना सांगू लागली. 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला' ही नावे घेताना त्यांच्या आवाजात येणारा उत्साह चौदा वर्षांच्या मुलाचाच होता.

या कथांचा जन्मही एखाद्या कथेसारखाच आहे. अहमदाबादेतील एका परिसंवादात कंटाळवाणे भाषण चालू असताना नारळीकरांनी समोरच्या कागदावर गोष्ट लिहावयास घेतली. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा जाहीर केली होती. नावाचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी केली आणि 'नारायण विनायक जगताप' हे टोपणनाव घेतले. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये यासाठी कथेची प्रत पत्नी मंगलाताईंकडून लिहवून घेतली. १९७४ सालच्या त्या स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. मोठेपणाचा आधार न घेता शब्दांच्या बळावर उतरण्याची ही रीत आज विशेष आठवावी अशी आहे.

कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेल्या आणि काशी व केंब्रिज येथे वाढलेल्या या माणसाने मराठी मुलांना आकाश दाखविले, ते मराठी घराच्या अंगणातून. 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा पाहा. कागदाची एक लांब पट्टी घ्यावी, तिला अर्धा पीळ द्यावा आणि दोन्ही टोके चिकटवावीत. या मोबियस पट्टीला एकच पृष्ठभाग असतो. पातळ, आरपार दिसणाऱ्या पट्टीवर डाव्या हाताची आकृती काढून ती पट्टीवरून एक फेरा फिरविली, तर मूळ जागी परतते ती उजवा हात होऊन. हा चमत्कार अवकाशातच घडला आणि त्यातून जिवंत माणूस फिरून आला तर काय होईल, असा प्रश्न नारळीकर विचारतात. मग क्रिकेटच्या मैदानावरील गोलंदाजाचा हात बदलतो आणि देव्हाऱ्यातल्या गजाननाची सोंड वळण बदलते. उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे-ओवळे ज्या घरांत कसोशीने पाळले जाते, त्या घरांतील मुलाला ही कथा वाचताना परकेपणा कसा वाटावा? श्रद्धेची टवाळी न करता तिच्या शेजारी बसून गणित शिकविणारी ही कथा आहे.

'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत तर मराठी मनाच्या सर्वांत खोल जखमेलाच हात घातला आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पोहोचतात, जेथे १७६१ साली विश्वासरावांना लागलेली गोळी थोडक्यात हुकली आणि मराठे जिंकले. एका क्षणाने इतिहासाचा ओघ कसा वळतो, हे तेथे दिसते. 'पानिपत झाले' हा वाक्प्रचार घरात ऐकत मोठ्या झालेल्या मुलाला अनेक शक्य विश्वांची कल्पना याहून सोप्या रीतीने कोण समजावून देणार? या कथेचे इंग्रजी रूप अकरावीच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाले आणि देशभरच्या मुलांनी ते वाचले.

ही जमीन अर्थात एकट्या नारळीकरांनी नांगरली नव्हती. त्यांच्याआधी भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या विमानात मराठी मुलांना बसविले होते. 'चंद्रावर स्वारी' आणि 'मुक्काम शेंडेनक्षत्र' ही शीर्षकेच अशी की, परकीय मूळ मनातही येऊ नये. १९५१ साली त्यांनी 'बालमित्र' मासिक काढले. पुढे फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात दाखल झाला आणि 'फास्टर फेणे' या नावाने पुस्तकामागून पुस्तकांत धावू लागला. ही मालिका विज्ञानकथेची नव्हे, साहसाची. परंतु पुढच्या पुस्तकाची वाट पाहण्याची सवय मराठी मुलांना तिनेच लावली. 'ट्टॉक्' हा त्याचा उद्गार शाळाशाळांतून परवलीचा शब्द होऊन बसला. ज्याला तो ठाऊक, तो आपला, अशी ती एक विनासभासद, विनावर्गणी संघटना होती. १९८७ च्या सुमारास दूरदर्शनवर आणि २०१७ साली चित्रपटात फेणे पुन्हा अवतरला, तेव्हा ती जुनी संघटना अजून जिवंत असल्याचे दिसून आले.

नारळीकरांनी वाचकांशी नाते जोडले ते पोस्टकार्डाने. व्याख्यान संपले की मुले स्वाक्षरीसाठी वह्या पुढे करीत. नारळीकर वहीवर सही करावयाचे नाहीत. ते म्हणत, मला पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठवा. मी उत्तर लिहीन आणि त्याखाली सही करीन. केवढी ही साधी आणि केवढी दूरदृष्टीची युक्ती! सही हवी असेल तर मुलाला आधी विचार करावा लागे. ज्याला प्रश्न सुचला, त्याला शास्त्रज्ञाच्या हस्ताक्षरातील उत्तर मिळे. ती कार्डे आज अनेक घरांत जपून ठेवलेली आहेत.

येथे एक उणीव मात्र नोंदविली पाहिजे. अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅक याने १९२६ साली 'अमेझिंग स्टोरीज' हे विज्ञानकथांचे मासिक सुरू केले. त्यात वाचकांची पत्रे छापताना तो त्यांचे पत्तेही छापी. मुलांना आपल्यासारखे वेडे कोठे राहतात हे कळले. ती परस्परांना लिहू लागली, त्यांची मंडळे झाली, त्यांनी हाताने छापलेली मासिके काढली, आणि १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये विज्ञानकथांचे पहिले जागतिक संमेलन भरले. त्या मुलांतूनच पुढचे लेखक निपजले. आपल्याकडे प्रत्येक वाचकाने लेखकाला लिहिले. वाचकाने वाचकाला लिहिण्याची सोय मात्र फारशी कोणी केली नाही. आपले प्रेम तेवढेच उत्कट होते, पण ते एकेकट्याचे राहिले.

हे सारे आज लिहावयाचे कारण सीमाभाग. बेळगावच्या दक्षिणेचे वडगाव हे विणकरांचे उपनगर. शहापूर, खासबाग, वडगाव या पट्ट्यात मागांचा खडखडाट हा घरगुती आवाज आहे आणि आषाढातली मंगाईची यात्रा हा वर्षाचा मोठा दिवस. या मातीत मराठी पुस्तकाचे प्रेम जुने आहे. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तो १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात. कडोली, उचगाव, येळ्ळूर यांसारखी खेडी आजही स्वतःच्या बळावर मराठी साहित्य संमेलने भरवितात आणि शेतकरी मंडपात बसून व्याख्याने ऐकतात. १९५६ साली प्रांतरचनेने जे विभागले, ते पुस्तकांनी जोडून ठेवले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

परंतु भाषा संमेलनांवर एक दिवस जगते. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस ती मुलांच्या तोंडी जगली पाहिजे. सीमाप्रश्नाचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला; त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर मराठी शाळांतील पट सावरेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाला 'मराठी ही तुझी अस्मिता आहे' असे बजावून मराठी वाचावयास लावता येत नाही. गोमंतकातील आणि कोकणातील पालकांनाही हा अनुभव नवा नाही. मूल मराठी वाचील ते पुढे काय होते हे कळावे म्हणून. यंत्रमानव वामन माणसाच्या आटोक्यात राहील की नाही, हा प्रश्न ज्याला अर्ध्यावर सोडवत नाही, त्याची मराठी कोणत्याही ठरावाविना टिकते.

कन्नडशी याचे वैर असण्याचेही कारण नाही. किनारपट्टीवरच्या कोटा गावच्या शिवराम कारंतांनी कन्नड मुलांसाठी 'बालप्रपंच' रचला आणि 'विज्ञान प्रपंच'चे खंड लिहिले. वडगावच्या गल्लीत शेजारी खेळणाऱ्या दोन मुलांपैकी एकाने कारंतांचे आणि दुसऱ्याने नारळीकरांचे पुस्तक वाचून एकमेकांना आकाश समजावून सांगावे, यापरते चांगले चित्र ते कोणते? कृष्णविवराला प्रांताची सीमा नसते.

उपाय मोठा खर्चाचा नाही. गावोगावच्या वाचनालयांनी कुमारांच्या विज्ञानकथांचे एक कपाट वेगळे काढावे आणि त्याला कुलूप लावू नये. शेजारी एक फळा ठेवावा. त्यावर मुलांनी वाचलेल्या कथेविषयी चार ओळी आणि एक प्रश्न लिहावा. वडगावच्या मुलाचा प्रश्न पोस्टकार्डावरून पेडण्याच्या मुलाकडे जावा, सावंतवाडीच्या मुलीचे उत्तर निपाणीला यावे. महिन्यातून एकदा शिक्षकाने सर्वांना जमवावे, कोणाचेही भाषण ठेवू नये, मुलांनाच बोलू द्यावे. शेवट आधी सांगून टाकणाऱ्यास काय शिक्षा करावी, हेही त्यांनाच ठरवू द्यावे.

नारळीकर आता उत्तर लिहावयाचे नाहीत. पण प्रश्न विचारण्याची अट त्यांनी घालून ठेवली आहे आणि ती अजून रद्द झालेली नाही. पोस्टकार्ड अद्याप टपाल कचेरीत मिळते. त्यावर पत्ता कोणाचा घालावयाचा, एवढेच आपण मोठ्यांनी मुलांना सांगावयाचे आहे.