टूं-टूं ऐकू येते का?

डोंबिवलीच्या फलाटावर गर्दीच्या गोंगाटातही कान दिला तर एक बारीक टूं-टूं ऐकू येते. लोकलचा दिव्यांग डबा जिथे थांबतो, तिथे हा बीपर लावलेला असतो. दृष्टिहीन प्रवासी आवाजाच्या रोखाने चालत येतो आणि गाडी थांबली की दार समोर असते. आपल्या स्थानकांवरची इतकी साधी आणि नेमकी सोय मला दुसरी दिसत नाही.

तिकिटाचे मात्र तसे नाही. एटीव्हीएम या तिकीट यंत्रावर कार्ड ठेवा, स्थानक निवडा, तिकिटांची संख्या सांगा, की कागद बाहेर. डोळसाला अर्ध्या मिनिटाचे काम. पण पडदा म्हणजे सपाट काच. ‘कल्याण’वर बोट फिरवा नाहीतर ‘ठाण्या’वर, हाताला सारखेच लागते. मग शेजारी उभ्या असलेल्या मदतनिसाला विचारायचे, नाहीतर खिडकीची रांग धरायची. मोबाइलवरचे तिकीट यापेक्षा सोयीचे होऊ शकते, कारण फोन पडद्यावरची अक्षरे वाचून दाखवतो. अट एकच: ॲप बनवणाऱ्याने प्रत्येक बटणाला नाव दिलेले हवे. ते राहिले, की फोन नुसता ‘बटण, बटण’ म्हणत बसतो.

फलाटावर इंडिकेटर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत आलटून पालटून गाडी दाखवतो. गाडीच्या कपाळावरची अक्षरे मात्र जाणत्यालाच कळतात. टी म्हणजे ठाणे, टीएल म्हणजे टिटवाळा. कल्याणला रूळ फुटतात. ईशान्येला कसारा, आग्नेयेला कर्जत. म्हणून दिशांच्या इंग्रजी नावांवरून कसाऱ्याला एन आणि कर्जतला एस. नवख्याने हे कुठून ओळखावे? अंधुक दिसणाऱ्याला तर टी आणि टीएल सारखेच.

खरी परीक्षा फलाट ऐनवेळी बदलतो तेव्हा. घोषणा झाली, पण इंडिकेटर जुनाच राहिला, तर कर्णबधिर प्रवासी तिथेच उभा राहतो. इंडिकेटर बदलला आणि घोषणा राहिली, तर दृष्टिहीन. एकच माहिती, एकाच क्षणी, डोळ्यांना आणि कानांना, दोन्हीकडे पोहोचायला हवी. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्याच्या ४१व्या कलमात प्रवासाच्या सोयींचा उल्लेख आहे.

हे सारे घडेल तोवर एक करा. त्या टूं-टूंखाली उभे राहून मोबाइलवर मोठ्याने बोलत असाल, तर चार पावले बाजूला सरका.